दुकानदार असाल तर एक दाबा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, देवापुढं बसूनसुद्धा नाही — तिथंही मी दुसऱ्याच गोष्टी बोलतो. आणि मी कसा माणूस आहे ते तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. शेजारच्याची म्हैस व्यायली तरी मी तिचं अर्ध्या तासाचं आख्यान लावतो. लातुरात भांड्यांचं दुकान आहे माझं, पण लोक मला भांड्यांसाठी ओळखत नाहीत. लग्न असो, गणपती असो, कुणाचा सेवापूर्तीचा सत्कार असो — माईक मन्मथअप्पाच्या हातात. अशा माणसानं एक गोष्ट इतकी वर्षं दाबून ठेवली असेल, तर ती कसली असेल?

थांबा. आधी मला रागावू द्या. राग खरा आहे, आणि त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आम्ही काही मध्यमवयीन माणसं दर रविवारी सैनिक-सैनिक खेळायचो. हसा. आमच्या बायकाही हसायच्या. शिरीषच्या खेळण्यांच्या दुकानामागं एक हॉल होता, त्यात मोठं टेबल, टेबलावर पुठ्ठ्याच्या टेकड्या, आणि बोटाच्या पेराएवढे सैनिक. तोफा, घोडेस्वार, भालेवाले. टेपनं मोजून पुढं सरकायचं, फासे टाकून लढायचं. सैनिक बिनरंगाचे, करड्या प्लास्टिकचे मिळतात. ते घरी बसून बारीक ब्रशनं रंगवायचे. एकेका डोळ्याला एकेक संध्याकाळ जाते. जगात यापेक्षा निरुपयोगी आणि यापेक्षा सुखाचं काम मला माहीत नाही.

आणि हे सुख नासवायला एक कंपनी होती. परदेशी. नाव घेत नाही, नाव घ्यायची तिची लायकी नाही. सैनिक तिचे, नियमाचं पुस्तक तिचं, आणि शिरीषच्या हॉलमध्ये नियमांचा बोर्डही तिचाच. दुसऱ्या कंपनीचा सैनिक टेबलावर चालणार नाही. हातानं घडवलेला चालणार नाही. रंग न दिलेला तर अजिबात चालणार नाही. न पाळाल तर दुकानाची मान्यता रद्द. अरे, टेबल शिरीषचं, वीज शिरीषची, चहा शिरीषच्या आईचा — आणि दम कोण देणार? सातासमुद्रापलीकडचा कुणीतरी, ज्यानं लातूर नकाशावरसुद्धा पाहिलेलं नाही.

माझ्याकडं हत्ती होते. काय हत्ती! एकेका झुलीवर मी नक्षी काढली होती, माहूरच्या जत्रेत पाहिलेल्या हत्तीच्या आठवणीनं. मग एका वर्षी कंपनीनं नवं पुस्तक काढलं आणि त्यात हत्तीच नाहीत. का? उत्तर नाही. विकताना होते, आता नाहीत. ‘या पथकास यापुढे साहाय्य मिळणार नाही.’ माझे हत्ती काय म्हातारे झाले होते? मी त्यांच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. ‘दुकानदार असाल तर एक दाबा, ग्राहक असाल तर दोन दाबा.’ मी ग्राहक. इमानदारीत दोन दाबलं. मग संगीत. मग ‘आपण रांगेत आहात’. मग पुन्हा संगीत. वर्षानुवर्षं मी दोन दाबत आलो, आणि एकदाही — एकदाही — पलीकडून माणसाचा आवाज आला नाही. हे फोनचं आख्यान मी बाजारभर नकलांसकट करून दाखवायचो. संगीतसुद्धा तोंडानं वाजवायचो. लोक पोट धरून हसायचे.

हा नंबर तुम्ही लक्षात ठेवा असं मी म्हणणार नाही. मीच तो विसरायला बघतोय.

मग ते वर्ष आलं — लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते. टाक्यांभोवती पाचाच्या वर माणसांनी जमू नये असा हुकूम होता. घराघरात घागरींना कुलूप लावायचं तेवढं बाकी होतं. आणि आमच्या खेळातल्या रंगाला पाणी लागतं. फार नाही, ग्लासभर. ब्रश धुवायला, रंग पातळ करायला. पण ते पाणी परत कशाच्याच कामाचं नाही, झाडालासुद्धा घालता येत नाही. एका रविवारी शिरीषनं कंपनीच्या बोर्डाखाली खडूनं लिहिलं: ‘दुष्काळी सवलत. पाऊस पडेपर्यंत बिनरंगाचे सैनिक चालतील.’

“कॉलेजवाल्यांनी परीक्षेची फी माफ केली अप्पा,” तो म्हणाला, “आपण रंग माफ करू.”

खरं सांगतो, त्या पोराचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. जगात कुठं असं झालं असेल? प्लास्टिकच्या फौजेला दुष्काळी सवलत. हे फक्त आमच्याकडंच.

आता भालेराव.

भालेराव आणि मी नांदेडला कॉलेजात एका खोलीत राहिलो. तो पुढं बँकेत लागला, त्या वर्षी अहमदपूरच्या शाखेत होता. दर रविवारी एसटीनं यायचा, काखेत बुटाचा खोका, खोक्यात त्याची फौज. तिरकस बोलायचा. तेव्हा उदगीर जिल्हा होणार, अहमदपूर, जळकोट तिकडं जाणार, अशी आवई पुन्हा उठली होती. आला की दारातूनच: “अप्पा, जपून खेळ. आमचा जिल्हा झाला की तुला सरहद्दीवर पासपोर्ट दाखवावा लागंल.” मी म्हणायचो, “आधी तुमच्या जिल्ह्याला पाणी बघा.” तो म्हणायचा, “तुमच्या जिल्ह्याला रेल्वेनं येऊन राहिलं, आम्हाला विमानानं मागवू.”

आणि मग टेबलावर मला हरवायचा. दर रविवारी. न बोलता, न चुकता. मी टाळी मिळेल अशी चाल खेळायचो — घोडेस्वार एकदम मधून — आणि तो बाजूनं हळूच येऊन माझा पाडाव करायचा.

त्याचे नवे घोडेस्वार तसेच करडे होते. मी एकदा म्हणालो, लेका, ग्लासभर पाणी तर लागतं. तर तो म्हणाला, “माय एका तांब्यात तोंड, हातपाय सगळं उरकून राहिली, अन् मी तिच्यासमोर घोड्याचं शेपूट रंगवत बसू? न्हाई जमत.”

आमच्या बोअरला त्या वर्षीही पाणी होतं. माझी फौज झगझगीत होती. हे मी त्याला सांगितलं नाही. ग्लासभर पाणी देतो, इथंच बसून रंगव — हेही म्हणालो नाही. पण माझा गुन्हा तो नाही. तो असता तर मी आज इतके आढेवेढे घेत बसलो असतो का?

नांदेडला स्पर्धा ठरली. कंपनीची मान्यता असलेल्या दुकानातून एकेक खेळाडू. आमच्यात आधी सामने झाले आणि अर्थात भालेराव जिंकला. मी दुसरा. म्हणजे राखीव. आणि मी काय करून बसलो होतो, माहीत आहे? सामन्यांच्या आधीच बाजारभर सांगून ठेवलं होतं — मी नांदेडला चाललोय. गिऱ्हाईकांना, भिशीतल्या लोकांना, सासुरवाडीला. नांदेडात माझे जुने प्राध्यापक आहेत, तेही येणार म्हणून. आता सगळे विचारणार. एवढंच होतं ते. एवढंसं. मोठ्या पापाला मोठं कारण लागतं असं कुणी सांगितलं तुम्हाला?

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी दुकानाच्या माळ्यावर जाऊन, पितळी घंगाळांच्या मागं बसून, तो नंबर लावला.

दुकानदार असाल तर एक दाबा.

मी एक दाबलं.

ताबडतोब माणूस. दुसरी रिंगसुद्धा पुरी झाली नाही. गोड आवाज, “बोला सर, कोणत्या दुकानातून?” इतकी वर्षं माझ्या हत्तींसाठी ज्यांना वेळ नव्हता, त्यांना आता सगळा वेळ होता. आणि मी — मी शिरीषच्या दुकानाचं नाव सांगितलं. आवाज बदलला, तो मला येतोच. म्हणालो, आमच्याकडून येणाऱ्या खेळाडूचे घोडेस्वार बिनरंगाचे आहेत. नियमात बसतात का, एवढं बघा. तो म्हणाला, “कळवल्याबद्दल आभारी आहोत.” संपलं. खाली येऊन मी एका बाईला कढई विकली.

माझी कल्पना अशी होती की आधीच निरोप येईल, भालेराव घरी राहील, मी जाईन. पण कंपनी ती. तिनं तोंड उघडलं ते नांदेडला, भरल्या हॉलमध्ये.

शिरीष, भालेराव आणि मी तिघं गेलो होतो. भालेरावनं फौज मांडली. गळ्यात पट्टा घातलेला आयोजक आला, त्यानं वाकून पाहिलं, आणि करडे घोडेस्वार एकेक करून उचलायला लागला. ट्रेमध्ये ठेवायला लागला. सगळी टेबलं थांबून बघत होती. भालेराव म्हणाला, “आम्हाला दुष्काळी सवलत हाय.” कुणीतरी फसकन हसलं. आयोजक म्हणाला, “साहेब, तक्रार तुमच्याच दुकानातून आली. तुमच्या दुकानदारानंच फोन केला.”

भालेरावनं शिरीषकडं पाहिलं. शिरीष नुसता, “मी? मी कशाला — दादा, मी कशाला —” एवढंच. खरं बोलणाऱ्याला कधीकधी बोलताच येत नाही. मला येत होतं. मला तर नेहमीच येतं.

भालेराव आवाज न चढवता म्हणाला, “पाण्यावरनं उठवलं जायची सवय आमच्या लोकांना जुनी हाय, शिरीषभाऊ. तुमच्याकडनं होईल असं वाटलं नव्हतं.”

तुम्ही म्हणाल, इथं तरी. हो, इथं. इथंच बोलायचं होतं. एक वाक्य. आयोजकानं जी उचलली होती ती नुसती बिनरंगाच्या घोड्यांची रांग नव्हती, त्याच्या आज्यापणज्याचं सगळं ओझं त्या ट्रेमध्ये येऊन पडलं होतं, आणि ते मी ठेवलं होतं. मी. ज्याच्या ताटात तो हॉस्टेलला जेवला, त्यानं.

मी काय केलं? मी भाषण केलं. टेबलावर मूठ आपटून. लातूरला पाणी नाही हे अख्ख्या देशाला ठाऊक आहे आणि तुम्हाला घोड्यांचा रंग सुचतो, म्हणालो. माणूस तहानलेला आणि नियम मात्र ओले, म्हणालो. आवाज असा लागला होता म्हणता! टाळ्या पडल्या. आणि सगळ्यात वाईट — त्यातला शब्दन्‌शब्द मला खरा वाटत होता. मी कंपनीवर खरोखर चिडलो होतो. आजही चिडलेला आहे. माझा फोन तिनं ऐकला म्हणून.

जाताना भालेराव म्हणाला, “अप्पा, तू खेळ. आपलं कुणीतरी राहू दे.” मी खेळलो. पहिल्याच फेरीत, चहा यायच्या आत, एका कॉलेजच्या मुलीनं मला धुतलं.

नंतर शिरीष माझ्या दुकानात आला. उभाच राहिला. “अप्पा, तुम्हाला तरी पटतं ना, मी नाही केलं?” मी म्हणालो, “मला पटतं रे. पण लोकांचं तोंड कोण धरणार?” हे वाक्य मी विचार करून बोललो होतो. कारण लोकांचं तोंड मीच होतो. ‘शिरीषनंच केला का फोन?’ असं कोणी विचारलं की मी हो म्हणत नव्हतो, नाही म्हणत नव्हतो. नुसता उसासा टाकायचो. बाजाराला तेवढं पुरतं. शिरीषनं जातीवरून माणूस उठवला असं ठरून गेलं. भालेराव त्या दुकानाची पायरी पुन्हा चढला नाही. त्याच्यासोबत आणखी दोघंतिघं थांबले. टेबल मोडून शिरीषनं हॉलमध्ये क्रिकेटच्या बॅटी लावल्या.

मागच्या वर्षी अहमदपूरला भालेरावच्या मुलीचं लग्न झालं. माईक अर्थात माझ्याकडं. बुद्धवंदना झाली, मंगल परिणय पार पडला, जेवणाच्या पंगती बसल्या, आणि भालेराव पाहुण्यांना म्हणाला, “नांदेडला त्या दिवशी माझ्यासाठी एकटा हा बोलला. अप्पा, सांग ती गोष्ट यांना.”

मी सांगितली. पहिल्यापासून. संगीत तोंडानं वाजवलं, आयोजकाचा पट्टा, ट्रे, सगळं. शिरीषची नक्कल केली — “मी? मी कशाला — दादा, मी कशाला —” मांडव हसून लोळला. नवरी मुलगी डोळे पुसत हसत होती. भालेरावनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मी माईक दुसऱ्या हातात घेऊन, कुणीही जेवल्याशिवाय जाऊ नये अशी सगळ्यांना विनंती केली.