वसंताचा फ्रेटबोर्ड आणि माझं अचूक माप

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बरं का! कारण हा किस्सा मी हसत हसत सुरू करतो आणि मध्येच माझा चहा गार होतो. दरवेळी होतं असं.

तेव्हा मी पिंपरीच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो. म्हणजे काय, तर जो भाग पोलादात ओतायचा, त्याचा आधी लाकडी नमुना बनवायचा. माझ्या हाताला सगळी फाउंड्री मानायची. फाउंड्रीचं सोडा, मी स्वतःच स्वतःला केवढा मानायचो! बायकोने भाकरी टाकली की म्हणायचो, "डाव्या अंगाला जरा जाड झालीय." मग ती भाकरी तिच्याच ताटात जायची.

आमच्या खालच्या मजल्यावर वसंता राहायचा. साताऱ्याकडचा गडी, फोर्जिंगच्या हॅमरवर कामाला. दिवसभर कानाशी धाडधाड! पण संध्याकाळी हाच माणूस मांडीवर हवाईयन गिटार आडवी घ्यायचा, डाव्या हातातला पोलादी दांडा तारांवरून सरकवायचा आणि अख्खी कॉलनी गप्प करायचा. गिटार त्याची नव्हती, गणपतीच्या ऑर्केस्ट्रातल्या एका मित्राची होती. मित्राची बदली झाली आणि गिटारही गेली.

आणि त्याच सुमारास त्याचे कान जायला लागले.

एका रविवारी तो वर आला. "शिवा, मला गिटार बनवायचीय. सागाची फळी आणलीय, तारा आणल्यात, आवाजाला जुना रेडिओ हाय. फकस्त तारांखालची खुणांची पट्टी, फ्रेटबोर्ड, तेवढा तू करून दे. अगदी काटेकोर पायजे."

"अरे, पण या गिटारवर बोट दाबायचं नसतं ना? दांडा तर वरून फिरतो. खुणा हव्यात कशाला? तू तर कानाने वाजवतोस."

तो म्हणाला, "कान दगा देनार, राव. डॉक्टर म्हनला, हळूहळू जानारच. मग डोळ्यानं वाजवीन. खुणंवर दांडा ठेवला की सूर बरोबर लागनार, एवढा भरवसा मला पायजे."

आता सांगा, असं म्हटल्यावर कुणाचा हात मागे राहील? मी म्हटलं, "वसंता, देवाने पाठवल्यासारखा फ्रेटबोर्ड देतो!"

मला सुरातलं ओ की ठो कळत नाही. पण हिशेब कळतो. पुण्यातल्या एका वाद्यदुरुस्तीवाल्याने वसंताला सांगितलंच होतं, की तारेच्या लांबीचा अठरावा भाग, त्याहून केसभर जास्त, तिथे पहिली खूण. मग उरलेल्या लांबीचा पुन्हा तसाच भाग. वसंताने तारेची लांबी टेपने मोजून दिली. मी सगळ्या खुणांची मापं काढली आणि गॅलरीत बसून माझ्या लाडक्या मोजपट्टीने ती फळीवर घेतली. प्रत्येक खुणेवर पितळेची बारीक पट्टी ठोकली. काय दिसत होता फ्रेटबोर्ड! बायको म्हणाली, "देव्हाऱ्यात ठेवा."

वसंताने तारा चढवल्या, रेडिओला वायर जोडली आणि वाजवायला बसला. पहिल्या दोनचार खुणांपर्यंत ठीक. पुढे सरकला तसा त्याच्या कपाळावर आठ्या.

"शिवा, सूर वर चढतोय रं."

"चढेल कशाने? खुणेवर बघ."

"खुणंवरच हाय की. जितका फुडं जातोय, तितका जास्त चढतोय."

मी ताबडतोब वर गेलो, तीच मोजपट्टी घेऊन आलो आणि एकेक खूण तपासली. तंतोतंत! त्याच पट्टीने केलेली खूण त्याच पट्टीने तपासल्यावर दुसरं काय निघणार? पण ही अक्कल तेव्हा होती कुठे!

"वसंता," मी म्हटलं, "पोलाद चुकेल, पण हे माप चुकणार नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग दांड्याकडे पाहिलं. म्हणाला, "मग माझंच कान."

तरी तो वाजवत राहिला, बिचारा. खुणांवर डोळे रोवून. समोरच्या इमारतीत एक मास्तर राहायचे, भजनी मंडळात पेटी वाजवायचे. एकदा जिन्यात मला गाठून म्हणाले, "अहो, तुमच्या मित्राला आवरा. फार बेसूर झालाय."

माझं टाळकंच सरकलं. बेसूर? माझ्या फ्रेटबोर्डवर? "मास्तर, फ्रेटबोर्डला नावं ठेवायची नाहीत! वसंताचे कान गेलेत, त्याला मी काय करू?"

आणि मागे वळून पाहतो तर वसंता. हातात रॉकेलचा डबा. त्या दिवशी, नेमकं त्या दिवशी, त्याला स्वच्छ ऐकू आलं होतं.

तो डबा घेऊन तसाच घरात शिरला. गिटार त्याच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर गेली. त्याचं भजनाला जाणंही बंद झालं. वहिनी एकदा आमच्याकडे येऊन रडल्या. "भावजी, पूर्वी दाढी करताना गुणगुणायचे. आता तेही नाही. म्हणतात, माझा सूर मलाच फसवतो, लोकांपुढं कशाला हसं करून घ्यायचं?"

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "वहिनी, फोर्जिंगमध्ये हे व्हायचंच." वर एक सुस्काराही सोडला. वाईट वाटत होतं हो मला, खरंच वाटत होतं. पण वसंतासाठी. स्वतःच्या मापाबद्दल शंका? छे!

दोन दिवाळ्या गेल्या. एका सुट्टीच्या दिवशी बायकोने स्वयंपाकघरातल्या कोनाड्यासाठी फळी मागितली. कोनाडा मी तिच्या शिवणाच्या टेपने मोजला. फळी गॅलरीत नेऊन माझ्या मोजपट्टीने कापली. आणि ती बसेना! लांब झाली. मी भिंतीला शिव्या घातल्या, गवंड्याला घातल्या.

बायको पोळ्या लाटत होती. म्हणाली, "ठेवा जरा गार व्हायला. आवळेल आपोआप."

माझ्या हातातली फळी खाली पडली.

पोलाद गार होताना आवळतं हो! म्हणून पॅटर्न मुद्दाम थोडा मोठा करायचा असतो. आणि रोज हिशेब कोण करणार, म्हणून पॅटर्नमेकरची मोजपट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा. मी फाउंड्रीतून घरी आणलेली जुनी पट्टी तसलीच होती! तसं सांगणारी तिच्यावरची अक्षरं पार झिजलेली, फक्त आकडे उरलेले. लोखंड आवळतं. सागाची फळी कशाला आवळेल? तारेची लांबी खऱ्या टेपची आणि खुणा माझ्या वाढीव पट्टीच्या. प्रत्येक खूण पुढे सरकलेली, आणि जितकी लांब तितकी जास्त; म्हणजे तार तेवढी आखूड आणि सूर तेवढा चढा.

वसंताचे कान बरोबर होते. तो पहिल्याच दिवशी बरोबर बोलला होता.

मी तसाच, बनियनवर, खाली पळालो. वसंता खाटेवर पेपर वाचत होता. मी भडाभडा सगळं सांगितलं. त्याने कानामागे हात धरला. आता त्याला फार कमी ऐकू यायचं.

"काय?"

मी ओरडलो, "माझं माप चुकलं! तुझा सूर बरोबर होता!"

त्याने पेपरची घडी करून बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाला, "तवा थोडं ऐकू येत हुतं रं, शिवा. तेवढ्यात वाजवून घेतलं असतं."

"नवा करून देतो" म्हणायचीसुद्धा लाज वाटली. मी त्याचा हात धरून उभा राहिलो आणि रडलो.

त्याने डोळे पुसले, उठला, खिडकीपाशी गेला. म्हणाला, "काय म्हनलास? परत सांग, नीट कळंना."

मी परत ओरडलो. शेजारपाजारची दारं उघडली.

"मोठ्यानं बोल, मर्दा!"

मी घसा फाडून ओरडलो. जिन्यात पोरं जमली. वरून आमची बायको खाली वाकून बघू लागली.

तेवढ्यात वहिनी पदर सावरत माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भावजी, त्यांना पहिल्या वेळीच कळलंय हो सगळं."

"मग परत परत कशाला विचारतोय?"

"समोरच्या मास्तरांची खिडकी अजून उघडली नाही ना."

मग काय करता? मी गॅलरीत गेलो, मास्तरांच्या खिडकीकडे तोंड केलं आणि ती उघडेपर्यंत ओरडत राहिलो.