सोन्याचं नाव न काढायचा दिवस

विट्याच्या आसपास माळरानावरची जी गावं आहेत, तिथं पोरगा सोळा-सतरा वर्षांचा झाला की घरात एकच विचार सुरू होतो : कुणाच्या दुकानावर धाडायचा? जमीन पावसावर, पाऊस त्याच्या मर्जीवर. म्हणून गावातली निम्मीअधिक पुरुषमंडळी सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली. कुणी केरळात, कुणी पंजाबात. आकाराम गेला उन्याला. गुजरातच्या पार टोकाला, समुद्राजवळ. चुलत्याच्या दुकानात भट्टीपुढं बसायला लागला, पुढं स्वतःचं दुकान टाकलं आणि बघता बघता पंचेचाळीस वर्षं झाली.

काम सांगायला सोपं. सोनारानं आणलेली जुन्या दागिन्यांची मोड मुशीत वितळवायची, तेजाबात घालून हिणकस काढायचं आणि चोख सोनं माघारी द्यायचं. पण त्या कामानं माणसाला काही खोडी लागतात. गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या, दुकानातला केर कधी रस्त्यावर जात नाही. फरशी झाडली की धूळ डब्यात, हात धुतलेलं पाणी पिंपात. साठलेली धूळ सवडीनं जाळून, धुऊन, गाळली की तिच्यातून सोन्याचे कण निघतात. आकाराम दिवाळीला गावी आला, की अंबूबाई सोपा झाडत असताना नकळत हात आडवा धरायचा.

"थांब, थांब. केर बघू दे."

"शेणाचा केर हाय त्यो, आवं! म्हशीनं काय सोनं खाल्लंय व्हय?"

अंबूबाई त्याची बायको. ती गावातच राहिली. सासू-सासरे, दोन लेकरं, दोन म्हशी आणि तीन एकर माळ तिनं सांभाळला. यात्रेला आठ दिवस आणि दिवाळीला पंधरा दिवस, एवढाच नवरा तिच्या वाट्याला. आता सासू-सासरे राहिले नव्हते, लेक नांदायला गेली होती आणि लेकाचं, म्हणजे जयराजचं, उन्यातच बस्तान बसलं होतं. दुकान खरं तर तोच चालवायचा. तरी आकाराम दरवर्षी म्हणायचा, "पुढच्या साली येतो."

यंदा संक्रांत झाली आणि अंबूबाई स्वतःच उन्याला येऊन थडकली. तिसऱ्या दिवशी जेवताना आकाराम म्हणाला, "आता चावी जयराजकडं देतो. तुझ्यासंगं गावाला येतो. कायमचा."

ती हरखून जाईल असं त्याला वाटलं होतं. तिनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"थोरल्या भावजींचं बघितलंय मी," ती म्हणाली.

थोरले भावजी म्हणजे आकारामचा भाऊ कोंडीबा. तोही कोइमतूरचं दुकान बंद करून असाच कायमचा आला होता. चार महिने पारावर बसला, येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सोन्याचंच बोलला. ऐकणारी माणसं पांगायला लागली, तसा एके दिवशी पिशवी उचलून परत गेला. जाऊबाई दुसऱ्यांदा एकट्या पडल्या. पहिल्यांदा त्यांनी निभावलं, दुसऱ्यांदा त्यांनी अंथरूण धरलं.

"माझं तसं व्हायला नगं," अंबूबाई म्हणाली. "एक दिवस माझ्यासंगं हिंडा. सकाळपासनं सांजंपतूर. सोन्याचं नाव काढायचं न्हाई, सोन्याकडं बघायचं न्हाई. जमलं तर चला गावाला. न्हाई जमलं तर हितंच ऱ्हावा. मी रुसायची न्हाई. पर आशेला लावू नगा."

कुठं हिंडायचं ते जयराजनं सुचवलं. "दीवला जावा की, अण्णा. अर्ध्या तासावर हाय. लय बारकी बारकी म्युझियम हायती तिथं. पोर्तुगीजांच्या वेळची."

"म्हातारपणी बदनाम करतूस व्हय रं?"

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. गुजरातेत दारूबंदी, दीवात नाही. उन्याचा माणूस दीवला चालला की बाकीचे एकमेकांकडं बघून हसायचे. ज्याच्या हातात लोकांचं सोनं द्यायचं, तो असा दीवच्या वाटेवर दिसला तर संपलंच. म्हणून पंचेचाळीस वर्षांत आकारामनं दीवला नेणारा खाडीवरचा पूल ओलांडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बायकोला शेजारी बसवून, टोपी नीट करून, तो रिक्षानं निघाला. चौकात ओळखीचा एक सोनार दिसलाच. आकारामनं रिक्षाबाहेर मान काढून, त्यानं न विचारताच सांगितलं, "म्युझियम बघायला चाललोय!" अंबूबाई पदर तोंडाला लावून पुलाच्या टोकापर्यंत हसत होती.

पहिलं संग्रहालय एका जुन्या, पांढऱ्या, उंच चर्चमध्ये होतं. अंबूबाईनं दारातच चपला काढल्या. आत भिंतीला लागून लाकडाचे संत उभे. कुणाचा हात गेलेला, कुणाचे नुसते डोळेच रंगीत उरलेले. कडेवर लेकरू घेतलेल्या एका मूर्तीपुढं ती थांबली आणि तिनं हात जोडले.

"लेकुरवाळी हाय," ती हळूच म्हणाली. "दमल्याली दिसतीया."

थोड्या वेळानं गुडघे दुखायला लागले म्हणून ती बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसली. आकाराम एकटा राहिला, आणि समोरच्या संताच्या झग्याच्या काठावर त्याची नजर गेली.

काठाला वर्ख होता. खऱ्या सोन्याचा. शेजारी कुणीतरी कधीकाळी पितळी रंगानं डागडुजी केली होती, तेवढा भाग हिरवट काळा पडला होता. सोनं मात्र जसंच्या तसं. आकारामनं तोंड फिरवलं. छताकडं बघितलं. मनात गावातली घरं मोजली. तेवढ्यात झाडणारी बाई आली, तिनं त्याच मूर्तीखालची धूळ सुपलीत गोळा केली आणि ती दाराकडं निघाली.

"बेन! थांबा! बाहेर टाकू नका!" तो गुजरातीत असा ओरडला की बाई दचकून जागीच उभी राहिली.

पुढचं त्याच्या हातांनीच केलं. तो खाली बसला, रुमाल पसरला, सुपली त्यावर हलकेच झटकली, बोट ओलं करून धुळीवर टेकवलं आणि दारातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत धरलं. टाचणीच्या टोकाएवढे दोन कण लखकन चमकले.

देखरेखीचा माणूस धावत आला. "काका, काय हरवलं?"

"माझं काही नाही. तुमचं चाललं होतं," आकाराम म्हणाला, आणि त्यानं ते बोट दाखवलं. मग कुठला वर्ख खरा, कुठं पितळ मारलंय, वर्ख सुटायला लागलेल्या जागी फडकं का फिरवू नये, सगळं सांगितलं. माणूस मन लावून ऐकत होता, बाई तोंडावर हात ठेवून. आकारामनं धुळीची पुडी बांधली, बोटावरचे कणही तिच्यातच झटकले आणि पुडी त्या माणसाच्या हातात दिली. किती दिवसांनी त्याला असं हलकं वाटलं होतं. आणि मग एकदम अट आठवली.

अंबूबाई पायऱ्यांवर पाठमोरी बसून समुद्राचा वारा घेत होती. तिनं काहीच पाहिलं नव्हतं.

दुसरं संग्रहालय शिंपल्यांचं. प्रत्येक काचेवर एक भिंग बसवलेलं. अंबूबाईनं पहिल्या भिंगाला डोळा लावला तो काढलाच नाही.

"आवं, ह्यो बघा, करंजीवानी मुरडलाय! आन् ही? ही तर कवडी! जोगतिणीच्या माळंतली. हिच्या एवढ्या जाती असत्यात व्हय?"

एकेका कवडीपाशी ती थांबत होती. आकाराम मागं हात बांधून उभा. घाई करावी असं त्याला वाटलं नाही. शेतात, चुलीपाशी, दवाखान्यात त्यानं तिला पाहिलं होतं. पण अशी, काही काम नसताना, नुसती बघताना कधी पाहिली नव्हती. तिच्या बारीक केलेल्या डोळ्याभोवतीच्या सुरकुत्या त्यानं त्या दिवशी नीट पाहिल्या. फक्त रुमालावरची धूळ मनातून जात नव्हती.

ऊन कलल्यावर दोघं वाळूत येऊन बसले. अंबूबाईनं पाय लांब केले.

"जमलं की वं तुमाला," ती म्हणाली. "मला खरंच वाटलं न्हवतं."

गप्प राहिला असता तर गाव मिळत होतं, बायको मिळत होती. पण ज्याच्या दुकानात लोक पावतीसुद्धा न मागता सोनं ठेवून जातात, त्याला असं मिळवणं कसं जमणार?

"न्हाई जमलं," आकाराम म्हणाला, आणि वाळूकडं बघत त्यानं सगळं सांगितलं. सुपली, रुमाल, बोट.

लाट आली, गेली. मग अंबूबाईनं मान वळवली.

"निघालं का पर?"

"काय?"

"सोनं वं! निघालं का न्हाई धुळीतनं?"

"निघालं. दोन कण."

"कुठं हायती?"

"दिलं की त्यांचं त्यांना. पुडी बांधून."

"आन् भावजींवानी माघारी दुकानात जाऊन बसावं, असं न्हाई वाटलं?"

आकारामनं विचार केला. "न्हाई. वाया जाऊ नये एवढंच वाटलं. आन् वळखू आलं ह्याचं बरं वाटलं."

"मग येडं हायसा," ती म्हणाली. "भावजींना दुकान पायजे हुतं. तुमाला नुसतं बघायला पायजे. आता मी न्हाई का शिंपलं बघत बसले? मला कुठं समिंदर घरी न्यायचाय? द्या त्यो फोन हिकडं."

जयराजनं पहिल्याच घंटीला उचलला. "काय झालं, आई? अण्णा हरलं का?"

"हरलं. तिकिटं दोन काढ. चावी उद्या घिऊन टाक त्यांच्याकडनं."

"हरलं तर मग दोन कशी?"

"माझी अट, मीच मोडली. तुला काय करायचंय?"

"आई, पर अण्णांना तिथं करमंल का?"

अंबूबाईनं बाजूला बघितलं. आकारामनं मूठभर ओली वाळू तळहातावर पसरली होती आणि उन्हाकडं हात तिरका करून, एक डोळा मिटून, तो ती निरखत होता.

"अबरख हाय," तो आपल्याशीच म्हणाला.

"करमंल," अंबूबाई फोनवर म्हणाली. "माळावर मातीला काय तोटा न्हाई."