हर्सूलला बाबांना बघायला

आईचा साताऱ्याहून फोन आला, तेव्हा मी पुण्यात पाचवीच्या पुस्तकासाठी जलचक्र काढत बसले होते. समुद्र झाला होता, ढग बाकी होते.

आई म्हणाली, "तुझे बाबा मसाल्याच्या पाकिटावर आलेत."

बाबांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी आईला रक्तदाबाची गोळी घेतली का म्हणून विचारलं. ती म्हणाली, घेतली, आणि गोळी घेतल्यावर पण ते तिथंच आहेत.

तिच्या शेजारच्या लीलाताई वेरूळची लेणी बघून आल्या होत्या. येताना औरंगाबादहून (आताचं छत्रपती संभाजीनगर) त्यांनी सगळ्या गल्लीसाठी येसराची पाकिटं आणली होती. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून केलेली पूड. तिची आमटी मराठवाड्यात घरोघरी होते. आई त्या आठवड्याच्या शेवटी पाकीट पर्समध्ये घालून एसटीनं माझ्याकडे आली आणि तिनं ते माझ्या टेबलावर, ओल्या ढगांवर ठेवलं.

बाबाच होते. जाड भुवया, हनुवटीची खाच, आणि डोक्यापासून काटकोनात निघालेले ते दोन कान. चष्मा तेवढा गेला होता आणि डोक्यावर भगवा फेटा आला होता. बाबा बांधकाम खात्यात कारकून होते. त्यांनी स्वतःच्या लग्नातही फेटा घातला नव्हता, डोकं गरम होतं म्हणून. चित्राखाली लिहिलं होतं, 'आबांचा येसर, झणझणीत.' बाबा पोह्यांतली मिरचीसुद्धा ताटाच्या कडेला काढून ठेवत.

चित्र माझंच होतं. मी चित्रं काढून पोट भरते, कुठल्या एका कचेरीत नोकरी नाही. पाठ्यपुस्तकं, मासिकांतल्या कथा, मिठाईचे खोके, एकदा तर दातांच्या दवाखान्यासाठी हसरी दाढ. बाबा गेले त्या वर्षी एका दिवाळी अंकात कथा होती. त्यात एक म्हातारा स्टेशनवर कुणाची तरी वाट बघतो. मी त्याला बाबांचा चेहरा दिला. दुसरा कुठला चेहरा त्या दिवसांत हाताला येतच नव्हता. संपादकांनी चित्र छान झाल्याचं कळवलं, आणि पुढच्या वेळी सही जरा लहान करा, असंही.

"मी जाऊन सांगते त्या मसालेवाल्यांना," मी म्हणाले. "न विचारता घेतलंय. बंद करा म्हणावं."

"मी पण येते."

"तू कशाला?"

"माझा नवरा आहे," आई म्हणाली.

तर आम्ही निघालो. नगरला चहा घेतला. तो चहा आहे हे गाडीवाल्यानं आधी सांगितलं होतं म्हणून कळलं. नगर सोडल्यावर जमीन काळी होत गेली आणि आभाळ एकदम मोठं झालं. मी वहीत रेघा मारायचा प्रयत्न केला, पण त्या गाडीत सगळी झाडं थंडी भरल्यासारखी आली. कायगावच्या पुलावर गोदावरी लागली. आईनं हात जोडले आणि खिडकीतून नाणं टाकलं. ते पुलाच्या कठड्याला लागून रस्त्यावरच पडलं. ती म्हणाली, पोचलं असेल.

रात्री स्टँडजवळच्या लॉजवर उतरलो. खोलीत काश्मीरचं कॅलेंडर होतं. आईनं झोपण्यापूर्वी पर्समधून पाकीट काढून उशाजवळच्या स्टुलावर ठेवलं, चेहरा भिंतीकडं करून. "उजेड लागेल त्यांना," असं काहीसं ती म्हणाल्यासारखं वाटलं.

पाकिटाच्या मागं शहागंजातल्या एका छापखान्याचं नाव होतं, म्हणून सकाळी आधी तिकडे गेलो. शहागंज म्हणजे घड्याळाच्या मनोऱ्याभोवती पसरलेला बाजार. अत्तर, कुलपं, बादल्या, लग्नाच्या ओढण्या, सगळं एकमेकांच्या अंगावर. आईची चप्पल तिथंच तुटली. तिनं ती हातात घेतली आणि छापखान्याच्या तीन पायऱ्या एका पायात चप्पल घालून चढली, त्यामुळं आमच्या येण्याला हवा तेवढा रुबाब आला नाही.

छापखान्याचे मालक सलीमभाई पन्नाशीचे, शाईनं निळ्या झालेल्या बोटांचे. मी पाकीट पुढं केलं.

"क्या हुआ बाजी," (बाजी म्हणजे थोरली बहीण) "छपाई अच्छी नै आई क्या?"

मी सांगितलं, की हे चित्र माझं आहे, एका दिवाळी अंकातलं.

सलीमभाईंचा चेहरा उजळला. "आपका है? माशाल्ला! चष्मा मैंनेच निकाला, बाजी. पगडी भी मैंनेच डाली. पता चलता क्या कहीं?"

कळत नव्हतं. चष्मा काढल्यावर डोळ्यांखालच्या सावल्या त्यांनी अशा भरल्या होत्या, की मलाही सांगता आलं नसतं. मी तसं म्हटलं आणि म्हटल्यावर लक्षात आलं, की आपण भांडायला आलो होतो.

"और ये मेरी माँ हैं," मी म्हणाले. "चित्रातले ते माझे वडील."

सलीमभाई उठून उभे राहिले. त्यांनी आईकडं, मग पाकिटाकडं पाहिलं आणि स्वतः जाऊन शेजारच्या दुकानातून चहा सांगून आले. मग म्हणाले, "अम्मा, मेरी गलती है. गिऱ्हाईक आया, रद्दी में ये तस्वीर देखा और हटाच नै वहाँ से. बोला, यहीच चाहिए. मैंने पूछा नै किसकी है. आप एक बार हर्सूल जाव. शेषराव से मिलो. फिर जो आप बोलेंगे, वैसा."

दुपारी मी नान-खलिया खाल्ला. खलिया म्हणजे मटणाचा पिवळा पातळ रस्सा, त्यात मोठी मऊ नान बुडवून खायची. हे सैन्याचं जेवण होतं असं हॉटेलवाला म्हणाला, आणि खाल्ल्यावर चालवेना, त्यामुळं सैन्य पुढं कसं गेलं असेल ते कळलं नाही. आईनं दहीभात घेतला आणि चप्पल शिवून आणली.

हर्सूल शहराच्या कडेलाच, तिथं जायला रिक्षा केली. औरंगाबादेत बाहेरगावची दोन माणसं तोंड पाडून हर्सूलला निघाली, की ती तिथल्या तुरुंगातच चालली असणार, असं रिक्षावाले धरून चालतात. हे आम्हाला माहीत नव्हतं.

"कुणाला भेटायचं हाय, आई?" रिक्षावाल्यानं हळूच विचारलं.

"माझ्या मालकांना," आई म्हणाली. "इथं आहेत असं कळलं."

"लई वर्सं झाली का?"

"झाली की. पण आम्हाला आत्ता समजलं."

तुरुंगाच्या दारापाशी त्यानं रिक्षा उभी केली. आम्हाला तळ्याकडच्या वस्तीत जायचंय म्हटल्यावर त्यानं मागं वळून आईला म्हटलं, "सुटले व्हय? चांगलं झालं." मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण त्याला इतका आनंद झाला होता, की राहू दिलं.

शेषरावांचं घर तळ्यापासून जवळ, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची शेड. शेडमध्ये मसाला भाजण्याचा वास असा होता, की दोन मिनिटं मला बोलताच आलं नाही, नुसती खोकत राहिले. शेषराव वाळूजच्या एका कारखान्यात कामाला होते, त्या दिवशी सुट्टीवर. त्यांची बायको कुसुमबाई मसाल्याचं सगळं बघायची. ती पदरानं हात पुसत बाहेर आली, तिनं मला पाणी दिलं, आणि मी पाणी पीत असताना आई आत गेली.

ती दारातच थांबली. मी तिच्या मागून पाहिलं.

समोरच्या भिंतीवर बाबा होते. मोठे केलेले, काचेत बसवलेले, कपाळावर कुंकू, गळ्यात झेंडूचा ताजा हार. शेजारी देव लहान दिसत होते.

"आमचे आबा," शेषराव मागून म्हणाले. "माझे वडील."

आई हाराकडं बघत होती. मी बोलले. चित्र कुणाचं, कुणी काढलं, आम्ही का आलो, सगळं एका दमात सांगितलं. रस्ताभर पाठ केलेलं ते भाषण त्या हारासमोर फार मोठ्यानं झालं.

शेषराव खाली बसले. कुसुमबाई म्हणाली, "आवं, बोला की कायतरी."

"मी लहान व्हतो," शेषराव म्हणाले. आमच्याकडं न बघता, जमिनीकडं बघत. "आबा गेला तवा. फोटो एक बी नाय. गावाकडं कोण काढीत व्हतं फोटो? मला तोंड आठवत नाय त्याचं. मला रोज खांद्यावर बसवून तळ्यावर न्यायचा गुरं घिऊन. वरून काय दिसतं? फेटा दिसतो. आन मी कान धरून बसायचो. दोन्ही हातांनी." त्यांनी हवेत दोन मुठी धरून दाखवल्या. "सलीमभाईकडं ते चित्र बघितलं, आन कान दिसले. मी म्हणलं, ह्योच. बाकीचं तोंड मग आपोआप त्याचंच झालं."

मग ते आईला म्हणाले, "तुमची वस्तू हाय, आई. तुमी म्हणताल तर आत्ता काढतो." आणि खरंच उठून त्यांनी फोटोवरचा हार उतरवला.

हक्क माझा होता, आणि तो कुठं ठेवावा ते मला समजत नव्हतं.

आईनं विचारलं, "हार रोज घालता?"

"रोज," कुसुमबाई म्हणाली. "फुलं दारचीच हायेत."

"मग राहू द्या त्यांना इथं. माझ्याच्यानं रोज होत नाही." आईनं फोटोकडं पाहिलं. "फेटा शोभतोय."

शेषरावांनी हार परत घातला. एका बाजूनं तो आईनं धरला.

कुसुमबाईनं भाकरी आणि येसराची आमटी वाढली. आमटी झणझणीत होती, पाकिटावर खोटं काही लिहिलेलं नव्हतं. जेवताना आई आणि कुसुमबाई धने किती भाजायचे यावर बोलत होत्या. मी वही काढली आणि शेषरावांना विचारू लागले. नाक कसं होतं? म्हाईत नाय. मिशा? असत्याल. डोळे? त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं.

तेव्हा मी चेहरा सोडून दिला. पाठमोरा माणूस काढला. फेट्याचा पाठीवर सुटलेला शेमला, रुंद खांदे, खांद्यावर बसलेलं पोर, पोराच्या दोन मुठींत दोन कान. पुढं गुरांची शेपटं आणि तळ्याची एक आडवी रेघ. हे काढायला मला वाटलं होतं त्यापेक्षा फार कमी वेळ लागला. वही त्यांच्यासमोर ठेवली.

शेषरावांनी बोट चित्रातल्या फेट्यावर ठेवलं, आणि उचललंच नाही.

"इथं एक गाठ असायची," ते म्हणाले. "उजवीकडं. हनुवटीला टोचायची माझ्या. मी इसरलोच व्हतो." मी गाठ काढली. ते उठून बाहेर शेडमध्ये गेले आणि भाजणीकडं तोंड करून उभे राहिले.

कुसुमबाईनं वही उलटसुलट करून पाहिली. "लई झ्याक. पन पाकिटावर पाठ फिरवलेला मानूस? गिऱ्हाईक म्हनंल, रुसला का काय."

तरी पाकिटावर तेच चित्र आलं. मी पुण्याला येऊन रंगीत करून पाठवलं, सलीमभाईंनी छापलं. त्यांनी कळवलं, की या खेपेला त्यांनी चित्राला हात लावलेला नाही, फक्त एक बैल वाढवला आहे. गिऱ्हाईक पहिले काही महिने आबा कुठं गेले म्हणून विचारत होतं, नंतर विचारेनासं झालं. घरातल्या भिंतीवर मात्र बाबाच आहेत. त्या भागात मला कुणी ओळखत नाही, आणि माझ्या वडिलांना रोज ताजी फुलं मिळतात.

त्या वेळी परतीच्या गाडीत आईला खिडकी मिळाली. कुसुमबाईनं बांधून दिलेला येसर पायाशी होता आणि सगळ्या गाडीला त्याचा वास येत होता. नगरपर्यंत आई काचेला डोकं टेकून होती. मला वाटलं, ती झोपली.

"तुला त्यांचा आवाज आठवतो?" तिनं एकदम विचारलं.

"बाबांचा? आठवतो की."

"मला नाही आठवत," आई म्हणाली. बाहेरच बघत होती. "तोंड आठवतं, चालणं आठवतं. आवाज गेला. कधी गेला कळलंच नाही. एक दिवस शोधायला गेले तर नव्हता."

ही गोष्ट ती किती काळ एकटी घेऊन बसली होती कोण जाणे. मला चित्र येतं. आवाज कसा काढून देणार? मी इकडंतिकडं पाहिलं. गाडी भरलेली होती. मग मी हनुवटी खाली घेतली, घसा जड केला, आणि बाबा कचेरीतून आल्यावर दारातून हाक मारायचे तशी मारली. "अगं ए, कुठायस?"

पुढच्या सीटवरचे गृहस्थ वळून बघू लागले. कंडक्टरनं तिकिटांवरून मान वर केली.

आई डोळे मिटून ऐकत होती.

"जरा नाकातून," ती म्हणाली.

मी पुन्हा हाक मारली. असं आम्ही शिरूरपर्यंत करत आलो. शिरूरच्या अलीकडं कधीतरी तिनं डोळे न उघडता, अगदी घरातल्यासारखं, उत्तर दिलं, "आले, आले."