माळवदावरची माती
आज सकाळी लेकानं कुंड्यांसाठी मातीची पोती गच्चीवर चढवली, आणि त्या ओल्या वासानं मी निलंग्याजवळच्या आमच्या जुन्या घरी जाऊन पोचले. भूकंप होऊन गेला होता. आमचं घर कसंबसं उभं होतं, पण भिंतींना तडे गेले होते. दुरुस्तीच्या सरकारी कर्जासाठी इंजिनिअर पाहणीला आले आणि थेट मातीच्या माळवदावर चढले. वडील कौतुकानं म्हणाले, "सायेब, थेंब गळत न्हाई. दरसाली मिरगाच्या आधी नवी माती टाकतो." "आणि जुनी?" "ती कशाला काढायची? हाय तशीच." इंजिनिअरांनी पहार खुपसली. ती गुडघाभर आत गेली, मग मांडीपर्यंत गेली, तरी छताचं लाकूड लागेना. ते दबकत कडेला सरकले. "अहो, एवढं ओझं डोक्यावर घेऊन झोपता तुम्ही?" आजोबांच्या हातची मातीसुद्धा त्यातच होती. खाली आई सगळं ऐकत होती. तिनं तुळईला टांगलेल्या पाळण्यातून माझ्या धाकट्या भावाला उचललं, अंगणात आली आणि वर माळवदाकडे बघत राहिली. माझं घर आता पक्क्या स्लॅबचं आहे. तरी मी तशीच जिना चढले आणि लेकाला म्हणाले, "आधी ती पोती खाली ने."