गोंगाटे सरांची एक्याऐंशी घरं

पंखा बंद केल्याशिवाय गोंगाटे सर गणिताला बसत नसत. एप्रिलची दुपार असो, स्टाफरूममधले सगळे घामानं भिजलेले असोत, ते आधी बटणाकडे जात. ‘‘अबे, मारतं का आमाले?’’ असं कुणी ओरडलं तर म्हणत, ‘‘पाच मिनिटं द्या भाऊ, कागदं उडून राह्यले.’’ ती पाच मिनिटं तासाभरानं संपत.

गोंगाटे हे त्यांचं आडनाव नव्हे. आमच्या तालुक्याच्या कॉलेजातल्या पोरांनी ठेवलेलं नाव. माणूस इतका हळू बोलणारा, की हजेरी घेताना आवाज तिसऱ्या बाकापलीकडं जात नसे; पण संशोधनाचा विषय गोंगाट. दोन सूक्ष्म कण एकमेकांत असे गुंतू शकतात, की एकेकट्याच्या उत्तराला काही अर्थ नसतो, दोघांची उत्तरं शेजारी ठेवली की मात्र जुळतात. भोवतालची उष्णता, बारीकसारीक हेलकावे हे गुंतणं मोडतात. त्यालाच त्या शास्त्रात गोंगाट म्हणतात.

सर अमडापूरचे. वर्गात सांगत, ‘‘समजा, नवरा-बायको बाजारात गेले. दोघायचं घरी काही ठरलं हाये. आता रस्त्यानं भेटन तो विचारते, काय घ्याले आले? धा जणायले सांगता सांगता दोघायतलं गुपित राह्यते कुठं?’’ मागून एखादा विचारी, ‘‘सर, तुमचं काय ठरलं होतं?’’ ‘‘मीठ आणाचं ठरलं होतं. भुललो.’’ वर्ग हसे, तेही हसत.

बहुतेक लोक दोन पातळ्यांच्या कणांवर काम करत. सरांनी तीन पातळ्यांचे कण घेतले. असे दोन कण म्हणजे नऊ ओळी, नऊ रकाने, एक्याऐंशी घरं. वहीत ती मावत नसत. म्हणून सर सरल्या वर्षाच्या कॅलेंडरची पानं एकमेकांना चिकटवून पाठच्या कोऱ्या बाजूला घरं आखत आणि चार कोपऱ्यांवर प्रयोगशाळेतली पितळी वजनं ठेवत. कुणाच्याही घरी गेले, की जुनं कॅलेंडर मागून आणत.

मी भौतिकशास्त्राचा विभागप्रमुख आणि त्यांच्या पीएचडीचा मार्गदर्शक. माझं स्वतःचं काम स्फटिक वाढवण्यातलं. त्यांच्या विषयातलं मला फारसं येत नव्हतं, पण जिल्ह्यात दुसरा मार्गदर्शक नव्हता. माझ्या सहीशिवाय प्रबंध विद्यापीठात जाणार नव्हता.

एका दुपारी त्यांनी माझ्यासमोर ते कॅलेंडर पसरलं. ‘‘सर, गोंगाटात एकेकट्या कणाचा गुण हलके हलके जाते, कधीच पुरा संपत नाही. पण दोघायमधलं गुंतणं एका ठरल्या टायमाले झटक्यात संपते.’’

मी चौथ्या ओळीलाच हरवलो होतो. ‘पुन्हा सांगा’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी चष्मा काढला आणि म्हणालो, ‘‘हळूहळू कमी होणारी गोष्ट अशी एकदम संपत नसते. कुठंतरी चिन्ह चुकलंय. शोधा.’’

ते दोन वर्षं शोधत राहिले. दर महिन्याला येऊन सांगत, ‘‘सर, चूक दिसून नाही राह्यली.’’ मी म्हणे, ‘‘नीट बघा.’’ स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली. सर बौद्ध कुटुंबातले, राखीव जागेवर लागलेले. ‘‘नोकरी भेटली, आता डॉक्टरकी थोडीच भेटते?’’ असं लोक बोलत, कधी ते दारात असतानाही. मी तसं कधी बोललो नाही. बोलणाऱ्यांना थांबवलंही नाही. मला ते सोयीचं होतं.

शेवटी सरांनी पीएचडीची नोंदणी सोडली आणि कॉलेजही सोडून दुसरबीडच्या एका शाळेत शिकवायला गेले. निरोप समारंभात मी म्हणालो, ‘‘संशोधन प्रत्येकाला झेपतंच असं नाही, पण शिक्षक म्हणून ते थोर आहेत.’’ टाळ्या पडल्या. सरांनीही वाजवल्या.

तीनेक वर्षांनी पुण्यात एका चर्चासत्रात एका तरुण वक्त्यानं फळ्यावर एक आलेख काढला. रेघ खाली आली आणि मध्येच शून्याला टेकली. दोन कणांमधलं गुंतणं असं झटक्यात संपतं, ही आता सर्वमान्य गोष्ट आहे, असं तो म्हणाला. परदेशात कुणीतरी ते कधीच मांडलं होतं. मी चहाला न थांबता निघून आलो. कुणाला काही सांगितलं नाही.

पुढं एकदा साखरखेर्ड्याला लग्नाला जाताना दुसरबीडच्या फाट्यावर सर भेटले. केस पांढरे झालेले. आग्रहानं चहा पाजला. मग जरा जवळ सरकून म्हणाले, ‘‘सर, ते चूक अजून सापडली नाही बरं. दरसाली पाहून राह्यलो.’’ तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. ‘चूक नव्हती’, दोन शब्द. मी म्हणालो, ‘‘जाऊ द्या हो आता,’’ आणि एसटीत चढलो. खिडकीतून पाहिलं, तर ते हात हलवत होते.

गेल्या हिवाळ्यात सर गेल्याचं कळलं. मी अमडापूरला गेलो. त्यांची मुलगी चिखलीला नर्स आहे. त्या दिवशी घरीच होती. तिनं कॅलेंडरांची चळत पुढं ठेवली. दर वर्षाचं एक, प्रत्येकावर एक्याऐंशी घरं, आणि खाली बारीक अक्षरात : ‘चूक सापडली नाही.’

मी तिला सगळं सांगितलं. पुण्याचं, फाट्यावरचं. तिनं कॅलेंडरांच्या कडा सारख्या केल्या. मग म्हणाली, ‘‘मंग तुम्ही बाबाले सांगितलं काऊन नाही?’’

मी खिशातलं पेन काढलं, शेवटच्या कॅलेंडरवर त्यांच्या ओळीखाली ‘चूक नव्हती’ असं लिहिलं आणि सही केली. जी सही वीस वर्षांपूर्वी करायची होती, ती.

तिनं वाचलं. ‘‘नुसती सही नोका करू, सर,’’ ती म्हणाली. ‘‘काय झालं ते लिहा.’’

कॅलेंडरवर तेवढी जागा नव्हती. म्हणून हे इथं लिहिलं आहे.