नळाची मूठ

ती कपड्यांच्या कारखान्यात काजे करीत असे. नवरा वारल्यापासून घरात ती आणि सासरे अशी दोनच माणसे उरली होती. सासरे एके काळचे नावाजलेले नळमिस्त्री. उतारवयात त्यांची स्मृती ढासळली, हातांची सवय मात्र सुटली नाही. नळ सोडावा, धार नीट पडते का ते पाहावे, समाधानाने मान डोलवावी आणि तो तसाच वाहता ठेवून खाटेवर जाऊन बसावे, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. बाहेर पडले की वाट चुकत, म्हणून ती दाराला कुलूप घालून कामावर जाई.

पाणीपट्टी इतकी फुगली की थकबाकीपायी जोडणी तोडण्याची नोटीस आली. तिने काटकसर करून पाहिली. धुण्याच्या पाण्याने फरशी पुसली, स्वतःची आंघोळ अर्ध्या बादलीत उरकली. परंतु दिवसभर वाहणाऱ्या नळापुढे तिचा काय पाड? मुख्य झडप साऱ्या मजल्याची सामायिक, ती बंद करण्याची सोय नव्हती. अखेरीस ती रोज कामावर जाताना नळाची मूठच काढून पिशवीत घालून नेऊ लागली. सासऱ्यांची हत्यारांची पेटी शेजाऱ्यांकडे ठेवायला दिली. निघताना सासऱ्यांच्या उशाशी पाण्याने भरलेली कळशी ठेवू लागली.

"अगं, लोक तिजोरीची किल्ली जपतात, तू नळाची मूठ!" शेजारच्या मशीनवरची मावशी हसली.

"तिजोरी असती तर तीही आणली असती, मावशी."

पुढचे बिल निम्म्यावर आले. कितीतरी दिवसांनी तिला शांत झोप लागली, आणि सकाळी उठायला उशीर झाला.

दुपारी डबा उघडून तिने पेला तोंडाला लावला आणि हात तिथेच थबकला. कळशी भरायची राहिली होती.

"मुकादम, मला आत्ताच्या आत्ता घरी जायला हवं. मामंजींना प्यायला पाणी नाही."

"शेजाऱ्यांना कळव की."

"कुलूप आहे हो. किल्ली माझ्यापाशी."

"माल आज जायचाय. गेलीस तर उद्या येऊ नकोस."

ती गेली.

सासरे मोरीत उकिडवे बसले होते. नळाची उघडी पितळी दांडी बोटांनी पिळून पिळून त्यांची कातडी सोलवटली होती. ओठ कोरडे पडले होते. त्यांनी तिला ओळखले नाही.

"मूठ कुणी नेली हो तुमची, बाई? अशानं घरातलं माणूस तहानेनं मरेल एखादं." मग आवाज मऊ करून म्हणाले, "घाबरू नका. बसवून देतो. पैसे राहू द्यात."

तिने पिशवीतून मूठ काढून त्यांच्या हातावर ठेवली. रक्ताळलेल्या बोटांनी त्यांनी ती अचूक बसवली आणि नळ सोडला. तिने ओंजळ धरली. ते तिच्या ओंजळीतून कितीतरी वेळ पाणी पीत राहिले.

मुकादमाने शब्द खरा केला. मावशीच्या रदबदलीने बटणे लावण्याचे काम तेवढे घरपोच मिळू लागले, तेही निम्म्याहून कमी मोबदल्यात. आता ती मोरीच्या उंबऱ्यापाशी बसून बटणे लावते. पाणीपट्टी आटोक्यात आहे, आणि मिळकत कशीबशी ती भरण्यापुरती. भाजी आणायला गेली तरी तिचा जीव नळापाशी असतो.

"चालू झालं बघा, बाई," सासरे सांगतात.

"झालं, मिस्त्री. छान झालं," ती म्हणते, सुई कापडात खोचते आणि नळ बंद करायला उठते.