रंगुबाईनं ताडपत्री सोडली

नगरजवळ केडगावला पुणे रस्त्याच्या कडेला मयूर गुड्स ट्रान्सपोर्टचं आवार होतं. गाड्यांच्या दारांवर मोर रंगवलेला, म्हणून सगळं नगर कंपनीला मोर कंपनीच म्हणे. चोवीस गाड्या आणि शंभरेक माणसं. ड्रायव्हर, क्लीनर, मिस्त्री, हमाल. एवढ्या बाप्यांत बाई एकच, रंगुबाई. कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये मांडी घालून ती गाड्यांच्या ताडपत्र्या शिवायची.

रंगुबाई मूळची पाथर्डीकडची. लग्न होऊन केडगावला आली ती आसाराम ड्रायव्हरच्या घरात. आसाराम मोर कंपनीतच होता. एकदा त्याचा विसरलेला डबा द्यायला ती आवारात गेली, तेव्हा कानिफनाथबाबा नावाचे म्हातारे ताडपत्री शिवत बसले होते. नजर अधू झालेली. रंगुबाई घडीभर बघत उभी राहिली आणि न राहवून म्हणाली, "बाबा, टाका वाकडा जातुय की."

"मग तूच घाल सरळ," असं म्हणून म्हाताऱ्यानं दाभण तिच्या हातात दिलं.

त्या दिवशी खाली बसलेली बाई अकरा वर्षं उठली नाही, असं ड्रायव्हर लोक थट्टेनं म्हणायचे. ताडपत्री शिवणं म्हणजे काही गोधडी शिवणं नव्हे. कापड जाड, दाभण हाताला रुतणारं, सुतळीला मेण चोळून चोळून बोटं चिकट झालेली. पण रंगुबाईचा टाका असा की घाटातल्या पावसात पोत्यावर थेंब पडायचा नाही. हात चालत तसंच तोंडही चालायचं. मिस्त्री गोरक्षनाथ म्हणायचा, "आक्का, तुमच्या तोंडाला पन मेन लावलंय का? अडकतच न्हाई कुठं." यावर ती इतकी मोठ्यानं हसायची की गेटवरचा पहारेकरी वळून बघायचा.

हजेरीपटावर मात्र तिचं नाव नव्हतं. पगार 'किरकोळ' म्हणून निघे. युनियनची वर्गणी तेवढी दर महिन्याला तिच्याकडून न चुकता घेत.

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातली. दुष्काळानं ऊस वाळून गेला होता. साखर कारखान्यांचे पट्टे मुदतीआधीच पडले, म्हणजे गाळप बंद झालं, आणि मोर कंपनीचा मुख्य धंदा तर साखरेचाच, इथून मुंबईला साखर न्यायची आणि तिकडून मिळेल तो माल आणायचा. मधल्या काळात सरकारी धान्याच्या फेऱ्या मिळत, मालधक्क्यावरून तालुक्याच्या गोदामांपर्यंत, पण तेवढ्यावर चोवीस गाड्या कशा चालणार? फेब्रुवारीत बँकेचे एक साहेब आले. दोन दिवस त्यांनी कागद चाळले, गाड्यांच्या टायरांना हात लावून पाहिला आणि गेले. मागून बातमी फुटली. कंपनीची घडी नव्यानं बसवायची आहे. नऊ गाड्या विकायच्या, माणसं कमी करायची, तरच बँक पुढं हात देणार.

माणसं कमी, पण किती? आणि कोणती?

हे विचारायचं कोणाला, तर युनियनच्या अध्यक्षांना. आबासाहेब वकील सावेडीला राहायचे. पाच युनियनांचे अध्यक्ष. माणूस खोटा नव्हता. सहासष्ट साली त्यांनीच भांडून ड्रायव्हरांना मुक्कामाचा भत्ता मिळवून दिला होता आणि त्यापायी आठवडाभर कोठडीतही बसले होते. त्यामुळं लोकांना त्यांचा मान होता. पण सात वर्षांत एक झालं. आबासाहेबांना भाषण लागलं. एखाद्याला तंबाखू लागते तसं.

कंपनीचे मालक राधाकृष्णशेठ, त्यांच्याबरोबर ते पाच वेळा बसले. प्रत्येक वेळी बाहेर आले की माणसं घोळका करून विचारायची, "काय झालं?"

"बोलणी चालू आहेत," आबासाहेब म्हणायचे.

"पन काय बोलनी?"

"विश्वास ठेवा," एवढं बोलून ते स्कूटरला किक मारायचे.

मग गेटसभा व्हायची. गेटसभेत आबासाहेब जगातल्या सगळ्या कामगारांची दुःखं सांगायचे. चिलीतल्या खाणी यायच्या, व्हिएतनाम यायचा, गेल्या शतकातल्या इंग्लंडातल्या गिरण्या यायच्या. केडगाव काही यायचं नाही. एकदा बन्सी हमालानं मध्येच हात वर केला, "आबासाहेब, ते चिलीतलं समजलं. आमच्या यादीचं काय?" तर आबासाहेब म्हणाले, "हा प्रश्न फार व्यापक आहे." बन्सी शेडमध्ये पाणी प्यायला आला तेव्हा रंगुबाईला म्हणाला, "आक्का, व्यापक म्हंजी काय गं?"

"म्हंजी त्यांना बी म्हाईत न्हाई," रंगुबाई म्हणाली.

तिलाही आबासाहेबांना काही सांगायचं होतं. दोनदा तिनं त्यांना वाटेत गाठलं. "साहेब, मुंबईच्या गादीचं एक बोलायचं हुतं." गादी म्हणजे मशीद बंदरची कंपनीची कचेरी, परतीचा माल तिथून मिळे. दोन्ही वेळा आबासाहेबांनी हात जोडले, "नोंद घेतली आहे, रंगुबाई," आणि पुढं निघाले. कोणत्या वहीत नोंद घेतली ते देवाला ठाऊक.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी एकची गेटसभा ठरली. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. सभेला सावली म्हणून पोरांनी चार बांबू रोवले आणि नुकतीच शिवून झालेली मोठी ताडपत्री वर बांधली. रंगुबाईनं आधीच बजावलं, "दोन वाजता मच्छिंद्रची गाडी धान्य घेऊन पाथर्डीला निघायची हाय. ताडपत्री तिची हाय. दोनला मला पायजे."

दोन वाजले. आबासाहेब इंग्लंडातल्या गिरण्यांपाशी होते. मच्छिंद्र ड्रायव्हरनं गाडी गेटाला लावून हॉर्न दिला. रंगुबाई शेडमधून उठून सभेच्या कडेला आली.

"आबासाहेब, ताडपत्री."

"दोन मिनिटं, रंगुबाई."

अडीच वाजले. गिरण्या अजून संपल्या नव्हत्या. मच्छिंद्रनं पुन्हा हॉर्न दिला. पाथर्डीच्या गोदामापुढं बायाबापड्या मिलोच्या, म्हणजे त्या अमेरिकेच्या तांबड्या ज्वारीच्या, पोत्यांची वाट बघत उभ्या असतील, हे रंगुबाईला ठाऊक होतं. त्यात तिची थोरली बहीणही असणार होती. तिनं पदर खोचला, पहिल्या बांबूपाशी गेली आणि गाठ सोडली. मग दुसरी. आबासाहेबांच्या लक्षात यायच्या आत ताडपत्री सरसर घसरून जमिनीवर आली आणि सगळी सभा लख्ख उन्हात उघडी पडली.

आधी बन्सी हसला आणि मग सगळेच.

आबासाहेबांना टक्कल होतं. त्यांनी कागद डोक्यावर धरला. "अहो, हे काय? सभा चालू आहे!"

"चालू ठेवा की," रंगुबाई ताडपत्रीची घडी घालत म्हणाली. "माझं एकच इचारनं हाय. किती गाड्या, किती मानसं, कुनाची नावं? तेवढं सांगा आन् सावलीला चला. मी माठातलं पानी देते."

प्रत्येकाच्या मनातलं तिनं चार शब्दांत बोलून टाकलं होतं. आबासाहेबांनी कपाळ पुसलं. गेटापाशी कुठं सावली नव्हती आणि चिलीला जाण्याइतकं बळ त्या उन्हात उरलं नव्हतं.

"नऊ गाड्या," ते म्हणाले. "एकतीस माणसं. मी तत्त्वतः मान्यता दिली आहे."

"तत्त्वतः म्हंजी?" गोरक्षनाथ मिस्त्री पुढं आला. "सही झाली का न्हाई?"

"मसुद्यावर झाली आहे."

"आन् नावं?"

आबासाहेबांनी डोक्यावरचा कागद खाली घेतला. "यादी शेठ करणार आहेत."

मग जो गलका उठला तो पुणे रस्त्यावरच्या एसटीतल्या लोकांनीही माना काढून ऐकला. कोणी म्हणालं राजीनामा द्या, कोणी म्हणालं आत्ताच शेठकडे चला, कोणी नुसतंच ओरडून घेतलं. दोन महिन्यांचं तुंबलेलं होतं ते. आबासाहेब कधी नव्हे ते खाली मान घालून उभे होते. रंगुबाईनं घडी मच्छिंद्रच्या गाडीवर चढवली, गाडी वाटेला लावून दिली आणि खरंच तांब्याभर पाणी आणून त्यांच्या हातात दिलं. आबासाहेब ते एका दमात प्याले.

तासाभरानं शेडच्या सावलीत ठरलं, की आता आबासाहेबांबरोबर आपली पाच माणसं बोलणीला बसतील. गोरक्षनाथ, बन्सी, दोन ड्रायव्हर. पाचवं कोण? बन्सी म्हणाला, "आक्का."

लोक हसले. रंगुबाईही हसली. "मी? मला सही बी येत न्हाई."

"सही येनाऱ्यांनी काय दिवे लावले?" गोरक्षनाथ म्हणाला. मग पाचवं नाव आक्काचंच ठरलं.

संध्याकाळी आसाराम मुंबईहून आला. त्याला सगळं रस्त्यातच कळलं होतं. जेवायला बसला, पण भाकरीला हात लावला नाही.

"अगं, शेठशी भांडशील, आन् माझं नाव यादीत घालतील."

"ते तसं बी घालतील. मी न्हाई भांडले तर घालनार न्हाईत, असं शेठनी लिहून दिलंय का?"

"तसं काय दिलं न्हाई," तो म्हणाला आणि भाकरी मोडली.

तिसऱ्या दिवशी राधाकृष्णशेठच्या कचेरीत बैठक बसली. शेठ, बँकेचे साहेब, आबासाहेब आणि ही पाच माणसं. रंगुबाईनं लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं होतं. खुर्चीत बसायची सवय नव्हती, ती कडेवरच टेकली. बँकेच्या साहेबांनी सांगितलं, की गाड्या मुंबईला भरून जातात आणि रिकाम्या येतात. डिझेल दोन्हीकडचं जळतं. मुंबईत परतीचा माल मिळत नसेल तर एवढ्या गाड्या ठेवून उपयोग काय?

"माल मिळतुय, साहेब," रंगुबाई म्हणाली.

शेठनी तिच्याकडं बघितलं. "रंगुबाई, तुमचं काम ताडपत्रीचं. यातलं तुम्हाला काय कळणार?"

"ताडपत्रीचंच सांगते, शेठ." रंगुबाई शेठकडं वळली. "साखरंच्या पोत्यानं ताडपत्री फाटत न्हाई. ती फाटती लोखंडी सळयांनी, पिंपांच्या कडांनी. म्हंजी मुंबईच्या मालानं. आधी म्हयन्याला वीस-बावीस फाटक्या यायच्या माझ्याकडं. दीड वरीस झालं, पाच-सहा येत्यात. त्या बी नुसत्या बारीक भोकं पडलेल्या. माझं काम निम्म्याच्या खाली आलंय."

हे बोलताना आपण आपल्याच नोकरीवर दाभण रोवतोय, हे तिला कळत होतं. गोरक्षनाथनं तिच्याकडं चमकून बघितलं. ती थांबली नाही.

"आन् दुसऱ्या कंपनीच्या गाड्या जाता जाता आवारापुढं थांबत्यात. टाका घालून दे म्हनत्यात. पिंपांनी भरलेल्या असत्यात. मी इचारलं, माल कुठनं उचलला? तर म्हनले, मशीद बंदरला, तुमच्याच मोराच्या गादीवरनं. एक न्हाई, सात जनांनी सांगितलं. नावं सांगते. गाड्यांच्या ताडपत्र्यांना माझीच ठिगळं हायत, कवा बी दावीन."

मुंबईची गादी शेठचा मेहुणा सांभाळत होता, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं; म्हणजे मोराचा परतीचा माल तोच परस्पर दुसऱ्यांच्या गाड्यांत भरत होता. शेठचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्यांनाही हे नवं होतं, असं रंगुबाईला त्या क्षणी वाटलं.

बँकेच्या साहेबांनी पेनचं टोपण काढलं. "बाई, सावकाश सांगा. पहिली गाडी कोणाची?"

तिनं सातही सांगितल्या. आणि ती गप्प झाली तेव्हा आबासाहेब उठले. सगळ्यांना वाटलं, आता गिरण्या. पण ते दोनच वाक्यं बोलले. "त्या मसुद्याला सभासदांच्या सभेची मंजुरी नाही, म्हणून माझी सही मी मागं घेतो. चूक माझी आहे, तशी मी गेटवरही कबूल करणार आहे." ते आयुष्यातलं त्यांचं सर्वांत छोटं भाषण, आणि गोरक्षनाथच्या मते सर्वांत चांगलं.

पुढं महिना-दीड महिना ओढाताण झाली. बँकेचा माणूस मुंबईला जाऊन आला. मेहुण्याला गादीवरून उठवलं आणि तिथं जुना बुकिंग क्लार्क बसवला. तरी सगळं काही वाचलं नाही. चार म्हाताऱ्या बेडफर्ड गाड्या विकाव्याच लागल्या. एकतिसांच्या जागी सहा माणसं गेली. त्यातली चार साठीला टेकलेली, ती हिशेब घेऊन आपण होऊन निघाली. उरलेल्या दोघांसाठी युनियनचे लोक पंधरा दिवस हिंडले. एकाला राहुरीकडं कारखान्यावर काम लागलं. दुसरा गावी परत गेला, त्याचं मात्र सगळ्यांना वाईट वाटलं. निरोपाला शेडपुढं चहा झाला, तेव्हा रंगुबाई नेहमीपेक्षा कमी बोलली.

पावसाळ्यात युनियनची निवडणूक झाली. गोरक्षनाथ चिटणीस झाला, आबासाहेब अध्यक्ष राहिले. नवा नियम एकच झाला. कोणताही कागद सहीआधी गेटवर मराठीत मोठ्यानं वाचायचा. वाचायचं काम आबासाहेबांनी हौसेनं अंगावर घेतलं. आवाज त्यांचा चांगलाच होता.

रंगुबाईचं नाव हजेरीपटावर चढलं. त्या दिवशी तिनं शेडमध्ये सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले. अंगठा उमटवायला सांगितलं तर म्हणाली, "थांबा आठ दिवस," आणि आठव्या दिवशी गोरक्षनाथच्या पोरीकडून शिकून आलेली सही तिनं केली. 'रं'वरचं टिंब जरा लांब पडलं होतं.

परतीचा माल सुरू झाला तसं तिच्याकडं कामही वाढलं. आसाराम मात्र कुरकुरायला लागला. आधी साखर उतरवली की रिकामी गाडी घेऊन दुसऱ्या दिवशी घरी. आता माल भरेपर्यंत मशीद बंदरला दोन-दोन दिवस पडून राहायचं.

"तुझ्या शहानपनापायी मी तिथं वडापाव खाऊन ऱ्हातुय," तो एकदा जेवताना म्हणाला.

"मग युनियनला अर्ज करा," रंगुबाई म्हणाली आणि त्याच्या ताटात तिसरी भाकरी वाढली.